टेबलावरचं बोलणं

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. परदेशी प्रवाशांचं मोठं जहाज. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असायचा, मग दोन-अडीच महिने घरी. घर म्हणजे करावे गावात आमच्या जुन्या घराच्या जागेवर बिल्डरने उभी केलेली इमारत. खालचे मजले भाड्याने दिलेले, वरच्या मजल्यावर आई, मी, भाऊ आणि भावजय. वडील खाडीत मासे मारायचे, ते आधीच गेले होते. मी लग्न केलं नाही. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी करते.

गावात कुणी विचारलं तर आई सांगायची, "पोर बोटीवर हाय, हॉटेल लायनीत." तिला आम्ही तेवढंच सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात तो जहाजावरच्या कॅसिनोत कामाला होता. फाशांच्या टेबलावर उभा राहायचा. हे मला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं. आईपासून लपवायला कारण होतं. आई दिवाळे गावची. तिच्या बापाने स्वतःची होडी मटक्यात घालवली आणि पुढे दुसऱ्याच्या होडीवर राबून मेला. आमच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आला नाही. गणपतीच्या जागरणाला शेजारी तीन पत्ती मांडायचे तेव्हा आई आम्हाला आत बोलवून दार लावून घ्यायची.

त्या रविवारी तो सुट्टीवर होता. दुपारी जेवायच्या आधी गच्चीवर गेला, टाकीचा बॉल कॉक बदलायला. बराच वेळ खाली आला नाही म्हणून भावजय बघायला गेली, तर तो जिन्यात बसलेला. पाना पायाशी पडलेला. तिने विचारलं, काय झालं? त्याने तोंड उघडलं, पण शब्द नीट येईनात. ओठ उजवीकडे लोंबला होता. भाडेकरूच्या गाडीतून आम्ही त्याला नेरूळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा थांबलाय. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही त्याच बाजूला असतं. त्याची चाळिशीसुद्धा झाली नव्हती.

आयसीयूतून बाहेर काढल्यावर काही दिवस तो गप्प होता. डोळे फिरवायचा, आम्हाला ओळखायचा, भावजयीचा हात धरायचा. मग एका सकाळी नर्स त्याला टेकवून बसवत असताना तो बोलला. मी आणि आई पलंगाशीच होतो. स्वच्छ, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "एट! एट द हार्ड वे!"

आईने माझा दंड धरला. "बोलला गो! काय बोलला?"

आईने स्वतःच अर्थ लावला. "हाड बोलला. त्याचा हाड दुकतंय. जिन्यात पडलाय ना तो."

तिने नर्सला धरलं, नर्सने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खांदा आणि खुबा तपासला, एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. आईचा विश्वास बसला नाही. घरी आणल्यावरही ती तिळाचं तेल कोमट करून त्याच्या खांद्याला चोळत राहायची, आणि तो मध्येच "हार्ड एट" म्हणाला की म्हणायची, "हो रे बाला, चोलतंय ना."

दुसरा शब्द "यो". तो आवाज चढवून म्हणायचा, "यो! यो-लेव्हन!" आमच्या बोलीत यो म्हणजे हा. आई इकडेतिकडे बघायची आणि एकेक वस्तू उचलून दाखवायची. "यो? यो पेला? यो पंखा बंद करू?" तो तिच्याकडे बघून पुन्हा तेच म्हणायचा, तेवढ्याच जोशात.

भावजयीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिने मला बाजूला घेतलं. "ताई, हे टेबलावरचं बोलणं आहे. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत ते मला करून दाखवायचे. फासे पडले की असं ओरडायचं असतं."

"मग आपलं बोलणं कुठे गेलं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. तिच्या नावाची दोन अक्षरं त्याला म्हणता येत नव्हती. पाणी म्हणता येत नव्हतं. हो आणि नाही यांची गल्लत व्हायची. आणि फाशांची आरोळी मात्र एकही अक्षर न चुकता.

वाशीला एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे आम्ही त्याला न्यायला लागलो. त्यांनी समजावलं. माणूस जे वर्षानुवर्षं न विचार करता म्हणत आलेला असतो, एक-दोन-तीन, आरती, शिव्या, ते कधीकधी मेंदूत वेगळीकडे टिकून राहतं. त्याला विचार लागत नाही. "ते आपोआप बाहेर पडतं," त्या म्हणाल्या. "त्यात तो तुम्हाला काही सांगतोय असं धरू नका. नाहीतर तुम्हालाच त्रास होईल."

मी मान डोलावली, पण ते मनाने घेतलं नाही. मला वाटायचं, सगळं बोलणं जाऊन एवढंच राहिलं असेल तर जे सांगायचंय ते तो याच्यातूनच सांगणार. त्याने "सेव्हन आउट" म्हटलं की मी बघायची, खोलीत त्या क्षणी काय झालं. पण मला त्या शब्दांचा अर्थच माहीत नव्हता. आठ हार्ड कसा असतो? सात बाहेर म्हणजे कुठे?

त्याच्याबरोबर जहाजावर असलेला एक मित्र पनवेलला राहायचा. नोकरी सोडून त्याने गाड्या भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला होता. तो भेटायला आला त्या दिवशी आई दिवाळ्याला तिच्या भावाकडे गेली होती. मित्राने पलंगाशी बसून भावाचा हात हातात घेतला, खूप गप्पा मारल्या, जुन्या लोकांची आठवण काढली. भाऊ हसला. "कमिंग आउट!" म्हणाला. मित्रही हसला, पण बाहेर आल्यावर रुमालाने तोंड पुसत राहिला.

मी म्हटलं, "मला हा खेळ शिकवा."

"कशाला ताई?"

"तो काय बोलतो ते मला कळायला हवं."

जेवणाच्या टेबलावर बसून त्याने शिकवलं. घरात फासे नव्हतेच, त्याने फोनवर चित्र काढून दाखवलं. दोन फासे, बेरीज दोनपासून बारापर्यंत. सात सगळ्यात जास्त येतो, कारण तो सहा तऱ्हांनी पडू शकतो. मुख्य खेळ सोपा आहे. समजा पहिल्या टाकाला, त्यालाच कमिंग आउट म्हणतात, आठ पडला, तर पुढे आठ आधी येतो की सात, त्यावर पैसे लावायचे. आधी सात आला की सेव्हन आउट, लाइन अवे. लावलेलं गेलं, फासे दुसऱ्याच्या हातात.

"यात कॅसिनोला फारसं सुटत नाही," तो म्हणाला. "खरी कमाई टेबलाच्या मधल्या पट्ट्यात. साइड बेट, जोडीच्या पैजा. हार्ड एट म्हणजे आठ पडायचा, पण चार-चार असाच. पाच-तीन आला, तो ईझी, गेलात. सहा-दोन आला, गेलात. सात आला, तरी गेलात."

मी बोटं मोजली. जिंकायची तऱ्हा एक. हरायच्या दहा.

"बरोबर. म्हणजे जिंकलात तर दहापट मिळायला पाहिजे. कॅसिनो देतो नऊपट. जी एक पट राहिली, तिच्यावर जहाज चालतं."

मग त्याने आणखी सांगितलं. ऑल स्मॉल नावाची एक पैज. दोन, तीन, चार, पाच, सहा, हे सगळे आकडे सात यायच्या आत एकेकदा तरी पडले पाहिजेत. एक राहिला आणि सात पडला की सगळं पाण्यात. "लोक याच्यासाठी वेडे होतात. चार आकडे पडले, फक्त दोनचा आकडा राहिला, की माणसाला वाटतं आलंच आता हातात. आणि दोन एकाच तऱ्हेने पडतो, सात सहा तऱ्हांनी. हे टेबलावर लिहिलेलं नसतं." हॉप नावाची पैज फक्त पुढच्या एका टाकापुरती. आणि यो म्हणजे अकरा. गोंगाटात इलेव्हन आणि सेव्हन सारखंच ऐकू येतं, भांडणं होतात, म्हणून अकराला यो म्हणायचं.

"आणि तो काय करायचा?" मी विचारलं. "त्याचं काम काय?"

"काठीवाला. वाकड्या काठीने फासे गोळा करून पुढच्याला द्यायचे आणि आकडा पुकारायचा. पण मुख्य काम म्हणजे मधल्या पट्ट्यावर पैसे लावायला लोकांना बोलवणं. हार्ड वे कोण घेतंय, यो कोण घेतंय, असं गात राहायचं." तो थांबला. "ताई, त्याच्यासारखा कुणी नव्हता. आवाज काय, हसणं काय. आजीबाईसुद्धा पर्स उघडायची. मॅनेजर त्याला गर्दीच्या वेळी मुद्दाम काठीवर उभा करायचे."

आतून आवाज आला. भावाचं जेवण झालं होतं आणि भावजय ताट उचलत होती. दार उघडंच होतं. त्याने डावा तळहात मांडीवर आपटला, वर केला, उलटा केला, पुन्हा सुलटा. रोज जेवण झालं की तो असं करायचा. आम्हाला वाटायचं, पुरे म्हणतोय.

मित्राने मान दुसरीकडे वळवली. "टेबल सोडताना असं करावं लागतं. टाळी वाजवायची आणि दोन्ही हात कॅमेऱ्याला दाखवायचे, हातात चिप नाही म्हणून. तो दुसरा हात शोधतोय."

मित्र निघून गेल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. खेळ मला समजला होता. आणि भावाजवळ उरलेलं बोलणं काय होतं तेही समजलं. तेवीस-चोवीस वर्षांचा असल्यापासून अनोळखी माणसांना नुकसानीत ओढायला वापरलेले शब्द. त्याच्या आजारपणात दुसरं काही उरलं असतं, एखादी आरती, एखादी शिवी, तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

आईला मीच सांगितलं. नातेवाईक भेटायला यायचे, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पोराने ओळखलं असतं आणि तिला बाहेरून कळलं असतं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आये, तो बोटीवर हॉटेलात नव्हता. तिथे जुगार चालतो, त्या टेबलावर होता. जे बोलतो ते तिथलंच आहे."

तिचा हात थांबला. "म्हंजे मटका?"

"मटका नाही. फासे."

"एकच हाय." तिने पुन्हा तांदूळ ओढले. बऱ्याच वेळाने विचारलं, "त्याने कोनाला बुडवला?"

"तो नव्हता बुडवत, आये. तो फक्त बोलवायचा."

दोन दिवस तिने त्याला भरवलं, पुसलं, कपडे बदलले, पण तोंडाने एक शब्द काढला नाही. तो तिच्याकडे बघून पुकारायचा आणि ती खाली मान घालून काम करायची. तिसऱ्या दिवशी तिने तेलाची वाटी उचलून स्वयंपाकघरात ठेवली. हाडाचं दुखणं नाही हे तिला तेव्हा पटलं असावं.

भावजय त्या पावसाळ्यानंतर माहेरी निघून गेली. तिचं माहेर उरणला. जायच्या आधी ती माझ्याशी बोलली, दोरीवरचे कपडे काढता काढता.

"ताई, तुम्ही मला वाईट म्हणाल."

"बोल तू."

"त्यांचं अंग पुसायला, उचलायला मला काही वाटत नाही. ते मी करीन. पण मी जवळ गेले की ते माझ्याकडे बघून हसतात आणि त्या आवाजात ओरडतात. टेबलावर दारू प्यालेल्या लोकांशी बोलायचे त्या आवाजात. माझ्याशी बोलायचा आवाज वेगळा होता हो. तो मला आता आठवतसुद्धा नाही. हाच कानात बसलाय."

मी तिला अडवलं नाही. तिचं वय तिशीच्या आत होतं. आईने तिच्या पिशवीत सुक्या बोंबलाची पुडी भरली आणि दारापर्यंत सोडायला गेली. भाऊ खिडकीशी खुर्चीत होता. रिक्षा वळली तेव्हा तो म्हणाला, "सेव्हन आउट, लाइन अवे." त्याला कळलं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजावर कावळा बसला आणि उडाला, तेव्हाही तो तेच म्हणाला. मग दूधवाल्यालाही.

फासे आईने आणले. मी ऑफिसातून आले तर ती त्याच्यासमोर स्टुलावर बसलेली. मधे पितळी ताट. बेलापूरच्या बाजारातून तिने ल्युडोचा खोका आणला होता आणि त्यातले फासे काढून घेतले होते. मला बघून ती जरा वरमली.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"त्याला येतंय तेच बोलावा ना त्याच्याशी," ती म्हणाली. "दुसरा काय बोलनार?"

तिने फासे ताटात टाकले. खणखण आवाज झाला. चार आणि दोन. भाऊ पुढे झुकला. एवढा वेळ घेतला त्याने, की मला वाटलं बोलणारच नाही. मग म्हणाला, "सिक्स. ईझी सिक्स."

मी पिशवी खाली ठेवली. "आये, पुन्हा टाक."

पाच-पाच. "टेन," तो म्हणाला, "हार्ड टेन." सहा-पाच. "यो."

एकही चुकला नाही. आतापर्यंत तो हवेत ओरडत होता. आता समोरचं बघून, बेरीज करून, योग्य शब्द उचलत होता. मी वाशीच्या बाईंना फोन केला. "हे आपोआपचं नाही," त्या म्हणाल्या. "हे बघून ओळखणं आहे. चालू ठेवा. आकड्यानंतर तुम्ही मराठीत म्हणा, त्याला मागून म्हणायला लावा."

मग रोज दुपारी आमच्या घरात फासे पडायला लागले. जिच्या बापाची होडी गेली ती बाई ताटात फासे टाकून पुकारायची, "आट! चार नि चार आट!" शेजारच्या बायका दारातून बघून जायच्या. आईने पर्वा केली नाही. तिला हार्ड आणि ईझी समजायला लागलं. सात पडला की ती मुकाट्याने फासे त्याच्या डाव्या हातात द्यायची, कारण पाळी बदलते हे मी तिला सांगितलं होतं. त्याच्या बोटांतून ते कसेतरी घरंगळायचे. काही आठवड्यांनी तो तिच्यामागून "आट" म्हणायला लागला. मग "चार". वाशीच्या बाई खूश होत्या. आम्हीही पुढचं बोलायला लागलो होतो, वर्षभरात काय होईल, जवळच कुठे त्याला बसून करण्यासारखं काम मिळेल का, असलं.

एका दुपारी मीही घरी होते. ताटात चार-चार पडले. तो म्हणाला, "एट द हार्ड वे." मग त्याने फाशांवरून नजर उचलली, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आये."

हळू, साध्या आवाजात. टेबलावरचा आवाज तो नव्हता.

आई हातातला फासा धरून तशीच राहिली. "काय रं?" तिने विचारलं.

त्याचे ओठ हलले. त्याला काही सांगायचं होतं, तोंडावर स्पष्ट दिसत होतं. कपाळाला घाम आला. तो शोधत राहिला, आई वाट बघत राहिली. शेवटी तो म्हणाला, "यो," आणि मग डावा हात खुर्चीच्या दांड्यावर जोरात आपटला, पुन्हा पुन्हा, आईने तो धरेपर्यंत.

ते त्याचं शेवटचं बोलणं नव्हतं, पण त्यातलं मला आठवतं ते हेच.

दुसरा झटका त्याच हिवाळ्यात आला, सकाळी चहा घेताना. त्याने आकडे नेले, आरोळ्या नेल्या, गिळणंही बरंचसं नेलं. हॉस्पिटलातून आणल्यावर आईने एकदा ताट समोर धरलं. त्याने फाशांकडे बघितलंसुद्धा नाही. ती टाकत राहिली, पुकारत राहिली, मग थांबली. फासे भाडेकरूंच्या मुलांना देऊन टाकले. वाशीच्या बाईंनी आणखी काही महिने प्रयत्न केला, आणि मग प्रामाणिकपणे सांगितलं की आता जाण्या-येण्याचा त्रास त्याला देऊ नका.

तो आहे. नाकातून नळी आहे, पाठीखाली हवेची गादी आहे, दिवसा एक बाई येते. आई थकली आहे. मी न्हावा शेव्याहून येते तेव्हा बहुतेक ती त्याच्या पलंगाशी बसल्या बसल्या झोपलेली असते. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बोलायचं झालं तर आई आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बोलतो, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

भावजयीने अजून दुसरं लग्न केलेलं नाही. घरचे तिच्या मागे लागलेत, ते मला समजतं. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मी तो त्याच्या कानाशी धरते. ती पाच-दहा मिनिटं बोलते. पापलेट महाग झालं, भाचीचा दात पडला, उरणचा रस्ता पुन्हा खणलाय. त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. डोळे उघडे असतात. मग ती म्हणते, "ठेवू का?" आणि थोडा वेळ थांबते. मग ती फोन ठेवते.